टेबलापासून चार पावलं मागे

मित्रांनो, माझ्या लाकडावर गरम पातेल्याचा एक गोल डाग आहे. पण तेवढ्यावरून मला स्वयंपाकघरातली वस्तू समजू नका. मी टेबल टेनिसची बॅट आहे. वयाने जुनी, अंगाने रुंद आणि खरं सांगायचं तर स्वतःवर थोडी खूश असलेली.

मला घडवणारा कारागीर आधी खुर्च्या करायचा. खुर्च्यांचा कंटाळा आला म्हणून तो बॅटींकडे वळला. हलक्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून त्याने माझं पातं तयार केलं आणि इतर बॅटींपेक्षा चांगलं बोटभर रुंद कापलं. शेजारचा दुकानदार डोकावून म्हणाला, "ही बॅट आहे की पातेल्याचं झाकण?"

कारागीर मूठ घासता घासता म्हणाला, "जिला मारायचंय तिच्यासाठी नाहीच ही. जिला समोरच्याचा मार परतवायचाय, तिच्यासाठी आहे."

त्याने माझ्या एका अंगाला गुळगुळीत रबर चिकटवलं, दुसऱ्या अंगाला लांब, मऊ दाण्यांचं. गुळगुळीत रबर साधं सरळ असतं. चेंडूला पकडतं आणि हव्या त्या बाजूला फिरवतं. दाण्यांचं रबर मात्र बेरकी. समोरच्याने चेंडूला जी फिरकी दिली असेल, ती त्याचीच त्याला परत करतं. देणाऱ्याचं देणं देणाऱ्याच्या पदरात!

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते दातांची डॉक्टर होण्यासाठी शिकणाऱ्या एका मुलीने. पुढे ती मोठी झाली, तिच्या भावाला मुलगी झाली आणि घरात तिला सगळे आत्या म्हणू लागले, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या टेबलापासून लांब उभी राहून खेळायची. समोरचा जीव खाऊन मारायचा आणि ती खाली वाकून, मला वरून खाली आणि पुढे नेत, साल काढल्यासारखा चेंडू अलगद कापून परत पाठवायची. या फटक्याला चॉप म्हणतात. आत्या हसत सांगायची, "माझा सामना लागला की लोक चहा प्यायला जायचे. पिऊन परत यायचे तरी तोच चेंडू चालू असायचा!"

आम्ही पुष्कळ सामने जिंकलो. टाळ्या कमी मिळाल्या, पण विजय मिळाले.

मग आत्याचा दवाखाना सुरू झाला. दिवसभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि संध्याकाळी चेंडू कापायचे, हे काही मनगटाला मानवलं नाही. एक दिवस त्याने संपच पुकारला. दोन्हींतलं एक सोडणं भाग होतं. आत्याने मला सोडलं. त्या दिवशी तिने मला बराच वेळ मांडीवर घेतलं होतं, म्हणून मी तिच्यावर कधी रुसले नाही.

पण पुढे जे झालं त्याचं वाईट वाटलंच. कपाटातून मी स्वयंपाकघराच्या खणात गेले. रबर सुकलं, तडकलं, सालपटासारखं निघून गेलं. उघड्या लाकडावर कुणीतरी घाईत उकळत्या दुधाचं पातेलं ठेवलं आणि तो गोल डाग पडला. एकदा एक पाहुणी मला घेऊन माश्या मारत बसली होती. त्यातही मी कमी पडले नाही, पण हे काही माझं काम नव्हतं.

माझे दिवस पालटले ते आत्याच्या भाचीमुळे. तिला घरीदारी सगळे ठिणगी म्हणायचे. ठिणगीही टेबल टेनिस खेळायची, पण तिचा खेळ म्हणजे नुसता दणका. चेंडू उंच येवो, खाली येवो, सरळ येवो, वाकडा येवो, ही मारणारच. बसला तर बसला, नाहीतर भिंतीवर. क्लबच्या स्पर्धेत ती एका उंच, अबोल मुलीकडून हरली. त्या मुलीचा फटका इतका जबर होता की पोरांनी तिचं नाव हातोडा ठेवलं होतं. शेवटचा चेंडू बाहेर गेला तसा ठिणगीचा तोल गेला आणि तिने आपली बॅट जमिनीवर आपटली. बॅटचे दोन तुकडे झाले.

क्लबच्या सरांनी ते तुकडे उचलून तिच्या हातात दिले. म्हणाले, "बॅट दुसरी मिळेल. संघातली जागा मिळेलच असं नाही."

दुसऱ्या शहरात होणाऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी संघ निवडला जात होता. एक जागा सोडून सगळ्या भरल्या होत्या. ती जागा ठिणगीची ठरल्यातच जमा होती. आता सर म्हणाले, सुट्टी संपल्यावर ठिणगी आणि हातोडा यांचा सामना होईल, जी जिंकेल ती जाईल.

ठिणगीच्या बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नवी बॅट मी घेऊन देणार नाही. आधी हात ताब्यात आण."

ठिणगी नाक लाल करून आत्याच्या दवाखान्यात आली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग दवाखान्याला लागूनच असलेल्या घरात गेली, स्वयंपाकघराचा खण उघडला आणि मला आणून तिच्यापुढे धरलं.

"ही?" ठिणगी म्हणाली. "हिच्यावर तर तू पातेलं ठेवतेस!"

"तुझ्या हातात गेली की नाही ठेवणार. पण एक अट. ही घेऊन तू मी सांगेन तेच खेळायचं."

"म्हणजे नुसतं परत परत ढकलत बसायचं? तो भित्र्यांचा खेळ आहे, आत्या."

"असं?" आत्या म्हणाली. "मग तुझ्या बाबाला विचार, लहानपणी या भित्रीला त्याने कितीदा हरवलं ते."

ठिणगीच्या मागून येऊन दारात उभे राहिलेले बाबा एकदम छताकडे बघू लागले.

खेळाच्या वस्तूंच्या दुकानात मला नवं रबर बसलं. एका अंगाला लाल गुळगुळीत, दुसऱ्याला काळं दाणेदार. काय सांगू मित्रांनो, अंगावर पुन्हा कपडे चढल्यासारखं वाटलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत आत्याचं जुनं टेबल घडी करून ठेवलेलं होतं. ते उघडलं, पण मोठीच अडचण आली. बचाव करायचा तर मागे जागा हवी, आणि टेबलामागे दोन पावलांवर भिंत होती. त्या भिंतीत दार होतं, आणि दारापलीकडे रोग्यांची बसायची खोली. आत्याने दाराचे दोन्ही पल्ले उघडले, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि म्हणाली, "झालं मैदान." संध्याकाळी शेवटचे दोनचार रोगी गाल धरून बसलेले असत आणि ठिणगी उलट्या पावलांनी त्यांच्यामध्ये येई.

पहिल्या दिवशी आत्याने चेंडूला हातच लावू दिला नाही. "फक्त मागे जायचं. चार पावलं. गुडघे वाकलेले, तोंड टेबलाकडे. मग पुन्हा मध्ये यायचं."

थोड्या वेळाने ठिणगी कुरकुरली, "हे तर पळणं झालं."

"पळणारा पाठ दाखवतो. तू समोर बघत मागे चालली आहेस. लक्षात ठेव फरक."

दुसऱ्या दिवशी चेंडू आला. पलीकडून मारायला बाबांना उभं केलं होतं. दुकान बंद करून ते आले की बाह्या सरसावून सगळा जुना हिशेब चुकता करायच्या तयारीनेच मारत. ठिणगीचे हात शिवशिवत. चेंडू टप्पा पडून वर येतोय, डोळ्यांसमोर येतोय, आणि ती मला उगारणार, एवढ्यात आत्याचा आवाज येई, "थांब! वर असतो तेव्हा त्याचं राज्य असतं. खाली येऊ दे. दमू दे त्याला."

थांबणं हेच खरं अवघड होतं. माझी मूठ तिच्या तळव्यात असायची, म्हणून मला कळायचं. ती थांबायची, पण बोटं थांबायची नाहीत. ती मला गळा दाबल्यासारखी आवळायची. मग चेंडू माझ्यावर आदळून भलतीकडेच उडायचा. एक छताला लागला. एक गुळण्यांच्या पाण्याच्या पेल्यात पडला. एक तर सुजलेल्या गालाच्या बाईंच्या नेमक्या त्याच गालाला लागला, आणि त्या बाईंनी जे उद्गार काढले ते मी इथे सांगत नाही.

आत्याने तिची बोटं एकेक करून सैल केली. "दात काढताना जो नुसता ओढतो त्याच्या हातात तुकडा येतो. जो हळूहळू हलवतो त्याच्या हातात अख्खा दात येतो. दाबू नकोस. खांद्याजवळून सुरुवात कर, खाली ये, पुढे ये, आणि चेंडूच्या बुडाला नुसती चाटून जा."

रोग्यांनाही हळूहळू गोडी लागली. एक शिंपीकाका होते. त्यांच्या जबड्याला भूल दिलेली असायची, पण उत्साहाला नव्हती. ते खुर्चीतून ओरडायचे, "ब्हुडघे! ब्हुडघे व्हाकव!" ठिणगी हसायची, आणि हसताना तिची मूठ आपोआप सैल व्हायची. आत्याने हे बरोबर हेरलं आणि शिंपीकाकांना मुद्दाम संध्याकाळची वेळ देऊ लागली.

एका संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखा सणसणीत फटका मारला. ठिणगी दारातून मागे आली, वाकली, थांबली. चेंडू टेबलाच्या पातळीखाली उतरला. माझे काळे दाणे त्याच्या बुडाला हलकेच लागले. आवाज जवळजवळ आलाच नाही. चेंडू जाळीवरून अगदी घासून गेला, पलीकडे टप्पा पडला आणि पुढे यायला कां कूं करू लागला. बाबांनी तो जोरात मारला. तो सरळ जाळीत गेला.

बाबांनी स्वतःच्या बॅटकडे बघितलं. मग बहिणीकडे बघितलं. "तोच!" ते ओरडले. "लहानपणीचा तोच चेंडू! आता हिनेही छळायचं मला?"

आत्या नुसती चेंडू उचलायला वाकली. पण तिचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा ठिणगीने बाबांचे एकामागून एक फटके परतवले. बाबांना धाप लागली होती. आता ते चुकणारच, हे शिंपीकाकांनाही दिसत होतं. आणि अचानक ठिणगीने टेबलाकडे धाव घेतली आणि एक खालचा, कठीण चेंडू दाणकन हाणला. तो खिडकीच्या काचेवर गेला.

"का मारलास?" आत्याने विचारलं.

"कंटाळा आला."

आत्या स्टुलावर बसली. "बेटा, कंटाळा त्याला यायला हवा होता. तू त्याचं काम का केलंस?"

ठिणगीने खिडकीखालचा चेंडू उचलून आणला. मग म्हणाली, "मग मी कधीच मारायचं नाही का?"

"असं मी कधी म्हटलं? मारायचा चेंडू येईल तेव्हा जरूर मार. पण तो यायची वाट बघ. सगळेच चेंडू मारणाऱ्याला मारायचा चेंडू ओळखता येत नाही."

त्या दिवसापासून ती आणखी एक गोष्ट शिकली. तळहातातल्या तळहातात मला फिरवायचं. क्षणात काळी बाजू पुढे, क्षणात लाल. समोरच्याला वाटावं दाणे येणार, आणि यावं गुळगुळीत. मला तर त्यात फुगडी घातल्यासारखी मजा यायची.

सुट्टी संपली. सामन्याच्या दिवशी क्लबच्या खोलीत बरीच गर्दी जमली. आत्याने दवाखाना बंद ठेवला होता, बाबांनी दुकान. हातोडाने मला बघून भुवया उंचावल्या. इतकी रुंद बॅट तिने कधी पाहिली नव्हती. पण ती हसली नाही. ती गंभीर मुलगी होती, आणि खेळावर तिचं मनापासून प्रेम होतं.

पहिला गेम आम्ही सहज घेतला. हातोडाचे फटके जाळीत जात होते आणि का जात होते ते तिला उमगत नव्हतं. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्या गेमपासून तिने सबुरीने घ्यायला सुरुवात केली. मध्येच हळू, मध्येच जोरात, मध्येच नुसतं जाळीजवळ टाकून ठिणगीला पुढे पळवायचं आणि मग अंगावर फटका. गेम इकडून तिकडे गेले. शेवटी दोघी बरोबरीत आल्या आणि उरला एकच, निकालाचा गेम.

तो काही केल्या संपेना. सात-सात झालं. एकेक चेंडू इतका लांबायला लागला की मागच्या रांगेतले दोघे खरोखरच चहाला गेले. तेवढ्यात पंचांनी हात वर करून खेळ थांबवला.

"वेळ संपली. आता घाईचा नियम लागू."

ठिणगीचा चेहरा उतरला. मित्रांनो, हा नियम तुम्हाला सांगायला हवा. गेम फार लांबला तर पंच असं ठरवतात की यापुढे दोघींनी आळीपाळीने सर्व्हिस करायची, आणि जिची सर्व्हिस असेल तिनेच घाईने गुण मिळवायचा. समोरचीने तेरा वेळा चेंडू परत केला, की गुण समोरचीला. म्हणजे हातोडाची सर्व्हिस असेल तेव्हा आम्हाला नुसतं तग धरायचं होतं. पण आमची सर्व्हिस असेल तेव्हा ठिणगीला मारावंच लागणार होतं. इतके दिवस जे करू नकोस म्हणून शिकवलं, तेच!

सर्व्हिस आमची होती. घाबरलेल्या ठिणगीने दुसराच चेंडू जोरात मारला. बाहेर. तिची बोटं माझ्या मुठीवर आवळली गेली. मला वाटलं, गेलं सगळं.

तिने आत्याकडे बघितलं. सामना चालू असताना सूचना द्यायला मनाई असते. आत्या हाताची घडी घालून शांत बसली होती, एखाद्या रोग्याने तोंड उघडायची वाट बघावी तशी. ठिणगीने मला पँटला पुसलं. एक श्वास घेतला. बोटं सैल झाली.

हातोडाची सर्व्हिस. ती फटक्यामागून फटके मारत सुटली आणि घाईत एक जाळीत गेला. बरोबरी. मग आमची पाळी. या वेळी ठिणगी थांबली. कापला, ढकलला, पुन्हा कापला. मोजणीसाठी बसलेल्या बाई मोठ्याने आकडे म्हणत होत्या आणि ते वाढत होते. तरी ती थांबलीच. मग एक चेंडू जरासा उंच आला. तळहातात मी गर्रकन फिरले, लाल अंग पुढे आलं, आणि ठिणगीने असा फटका मारला की हातोडा जागची हललीसुद्धा नाही.

बाबा खुर्चीवर उभे राहिले. मागच्याने त्यांना शर्ट धरून खाली बसवलं.

पुढचा गुण हातोडाने घेतला, त्यानंतरचा आम्ही. गेम अकरा गुणांचा, आणि आम्ही दहावर होतो; आता फक्त एक गुण हवा होता, आणि सर्व्हिस हातोडाची होती. तिने सगळी ताकद लावली. डावीकडे, उजवीकडे, अंगावर. ठिणगी मागे, आणखी मागे, पार कडेच्या फळ्यांपर्यंत गेली. बाई मोजत होत्या. "नऊ... दहा... अकरा..." हातोडाने चेंडू एकदम जाळीजवळ टाकला. ठिणगी धावली, जवळजवळ आडवी झाली. चेंडू जमिनीपासून वीतभर वर होता. मी त्याच्याखाली पोचले, त्याला वर काढलं, आणि माझी कड फरशीवर आपटली. कट् असा आवाज झाला. माझा एक टवका उडाला.

"बारा!"

दुखलं का? दुखलं. पण तेव्हा तिकडे बघायला वेळ नव्हता. ठिणगी एका गुडघ्यावर होती. चेंडू वर आला होता, हातोडासाठी आयताच. तिने तो हाणला. ठिणगी उठता उठता मागे सरली, आणि मला नुसतं धरलं. मारलं नाही, ओढलं नाही. सैल हाताने, मऊ, चेंडूला बसायला जागा दिल्यासारखं. चेंडू माझ्या उरल्यासुरल्या अंगाला लागला, जाळीच्या पट्टीवर क्षणभर रेंगाळला आणि पलीकडे पडला.

"तेरा!"

खोलीत एकच गलका झाला. हातोडा टेबलाला वळसा घालून आली. तिचे डोळे भरले होते, तरी तिने हात पुढे केला. पहिल्यांदाच तिचं बोलणं ऐकलं मी. "मागे जायला मलाही शिकवशील?"

"ये ना," ठिणगी म्हणाली. "फक्त गालाला चेंडू लागला तर आमच्याकडचे रोगी बोलतात."

आत्याने मला हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझी कड तपासली. "कोपरा तुटलाय," ती म्हणाली. "भरता येईल." आणि खरंच तिने दात भरायच्या मसाल्याने मला भरलं, घासून गुळगुळीत केलं. माझ्यासारखी बॅट दुसरी कुठे असेल असं मला वाटत नाही.

ठिणगी संघाबरोबर गेली ती माझ्यासारखीच रुंद, नवी बॅट घेऊन. ती बाबांनी न मागता आणून दिली. संघाला करंडक मिळाला नाही. पण ठिणगीचा एकही सामना बघताना कुणी चहाला गेलं नाही, असं सर परत आल्यावर सांगत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी बॅट असेल. कपाटावर असेल, पलंगाखाली असेल, कुणाच्या तरी जुन्या पिशवीत असेल. तिला बाहेर काढा. ओल्या फडक्याने रबर पुसा, उन्हात ठेवू नका, पिशवीत झाकून ठेवा. रबर गेलं असलं तर नवं बसवा; लाकूड चांगलं असलं की बाकी सगळं पुन्हा होतं. आणि ती बॅट जिने किंवा ज्याने एके काळी खेळवली, ते माणूस अजून घरात असेल, तर त्यालाही विचारा. तोंडाने म्हणतील, "छे, आता कुठलं?" पण हात पुढे येईलच.

मी आता क्लबच्या टोपलीत असते, नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी. सकाळी ठिणगी त्यांना शिकवते. काल एक निवृत्त बसचालक काका आले. पोट चांगलंच सुटलेलं. त्यांनी टोपलीतून मलाच उचललं.

"काका, चार पावलं मागे," ठिणगी म्हणाली.

"अगं, आयुष्यभर गाडी पुढेच नेली मी. मागे घ्यायची झाली तर कंडक्टर शिट्टी वाजवायचा. त्याशिवाय मला मागे जाताच येत नाही!"

"मग वाजवते की!" म्हणत ठिणगीने दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शिट्टी मारली.

काका मागे निघाले. एक पाऊल, दुसरं पाऊल. समोरून चेंडू आला. त्यांनी गुडघे वाकवले, जेवढे वाकले तेवढे, आणि चेंडू खाली येईपर्यंत थांबले. मग आम्ही दोघांनी तो परत पाठवला.